आधारगृहानंतर तिनं राहायचं कुठे? रिकाम्या घराबद्दल सल्ला हवा आहे

ओसरी
नमस्कार मंडळी. आईला जाऊन दीड वर्ष झालं. नाशिकला सिडकोच्या बाजूला तिचं वन रूम किचन आहे, जुनी तीन मजली सोसायटी, बारा बिऱ्हाडं. तेव्हापासून ते बंदच आहे. मी ठाण्यात, भाऊ बंगळूरला.

गेल्या महिन्यात साफसफाई करायला गेले होते, तेव्हा आईकडे पोळ्या करायला यायच्या त्या मावशी भेटायला आल्या. त्यांची मुलगी जानेवारीत दोन मुलांना घेऊन नवऱ्याच्या घरातून रात्री अंगावरच्या कपड्यांनिशी निघाली. आधी पोलीस ठाणं, मग वन स्टॉप सेंटर, तिथून एका संस्थेचं आधारगृह. आता तिथली मुदत संपत आली आहे. पोरगी पोळीभाजी केंद्रावर कामाला लागली, महिन्याला नऊ हजार मिळतात. तीन महिने खोली शोधते आहे. मावशींच्या पत्र्याच्या एका खोलीत आधीच पाच माणसं, आणि नवऱ्याला तो पत्ता तोंडपाठ. जिथे जावं तिथे पहिला प्रश्न, "मिस्टर कुठे असतात?" त्यावर ही गप्प बसली की घर नुकतंच दुसऱ्यांना दिलेलं असतं.

मावशी म्हणाल्या, "ताई, आता तीच म्हणायला लागलीय की परत जाते म्हणून."

त्या दिवसापासून झोप नाही. आईचं घर तिला द्यावं असं मनात आहे. भाऊ म्हणतो, नसती भानगड होईल, नवरा दारात येईल, पोलीस येतील, सोसायटी बोंब मारेल. मला विचारायचंय ते हे: थेट तिला द्यावं की संस्थेमार्फत? काय काळजी घ्यावी? कुणी असं केलं आहे का?

(ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.)

गोदाकाठ
द्या. मी नाशिकचाच आहे. घराची डागडुजी, नळ, वायरिंग काही असेल तर सांगा, माणूस घेऊन येतो.

चिंचगूळ
गोदाकाठ, धाग्याचा पहिलाच प्रतिसाद आणि थेट प्लंबर! जियो.

रानजाई
ओसरी, तू अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंस. मी एका आधारगृहात नऊ वर्षं समुपदेशक होते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

बाई घरातून निघाली की पहिल्या काही दिवसांची व्यवस्था आता बऱ्यापैकी आहे. महिला हेल्पलाइन १८१ वर फोन करता येतो, पोलिसांचा ११२ आहे. २०१५पासून जिल्ह्याजिल्ह्यात 'सखी' वन स्टॉप सेंटर झाली. तिथे वैद्यकीय मदत, वकील, समुपदेशन आणि ५ दिवसांपर्यंत निवारा मिळतो. पुढे लांबच्या मुक्कामाची सोय. पूर्वी तिला स्वाधारगृह म्हणायचे, आता केंद्र सरकारच्या मिशन शक्ती योजनेत शक्ती सदन. स्वाधारगृहाच्या नियमात कौटुंबिक हिंसेतून आलेल्या बाईला साधारण वर्षभर राहता यायचं.

त्या वर्षात आम्ही खूप काही करायचो. केस उभी राहायची, जखमा भरायच्या, पोरांची शाळा सुरू व्हायची, शिवणकाम नाहीतर नर्सिंगचा कोर्स व्हायचा. आणि वर्ष संपलं की? आमच्या फायलीत एक रकाना होता, 'पुनर्वसन'. त्यात काय लिहायचं हा दर वेळी प्रश्न. 'माहेरी रवानगी' लिहिलं तरी आम्हाला माहीत असायचं की तिथे ती चार दिवसांची पाहुणी. पाचव्या दिवशी वहिनीचा चेहरा पडतो, महिन्याने मामा मध्यस्थीला येतात. 'पतीकडे परत' असंही लिहावं लागायचं. हे दोन शब्द मी ज्यांच्या नावापुढे लिहिले त्यातल्या कित्येकींचे चेहरे मला अजून आठवतात.

लोकांना वाटतं, बाई परत गेली म्हणजे तिचं तिलाच मार खायचं वेड. असं नसतं गं. खोलीचं डिपॉझिट वीस हजार असतं आणि तिच्याकडे दोन हजार असतात, म्हणून ती परत जाते. घरमालक नाही म्हणतो म्हणून जाते. मुलगा मोठा होतो म्हणून जाते.

मुलाचं मुद्दाम सांगते. स्वाधारगृहात मुलगे ८ वर्षांपर्यंतच आईजवळ राहू शकायचे, आता शक्ती सदनात १२ वर्षांपर्यंत. त्यापुढच्याला बालगृहात पाठवायचं. जी बाई पोरांसाठी मार सहन करत राहिली, पोरांसाठीच निघाली, तिला आपण म्हणायचं, धाकटीला घेऊन आत ये, थोरल्याला दुसरीकडे ठेव. माझ्यासमोर एक बाई गेटमधूनच परत फिरली. तेरा वर्षांचा पोरगा तिला म्हणत होता, "तू जा आई, मी राहतो पप्पांकडे." त्याच्या पाठीवर दप्तर होतं, आणि बहिणीची पाण्याची बाटली त्याच्या हातात होती. ती त्यानं शेवटपर्यंत बहिणीकडे दिली नाही.

घर दे. कसं द्यायचं ते इथे बोलूच.

निळी_शाई
रानजाईताई, ते पाण्याच्या बाटलीचं वाचून कामात लक्ष लागत नाहीये.

दक्षिणवारा
भावना समजतात, पण दोन मुद्दे मांडतो. पहिला, घर तिनं का सोडायचं? कायद्यानं तिला त्या घरात राहायचा हक्क आहे ना? मारणारा आत आणि मार खाणारी बाहेर, या उलट्या न्यायाला आपण आधारगृहं काढून मदतच करतो. दुसरा, खोट्या केसेसही होतात. घरमालकाला खरं-खोटं कसं कळणार? आणि भाडेकरू बाई निघालीच नाही तर? ओसरीताईंच्या भावाची भीती अगदीच निराधार नाही.

काळा_कोट
दक्षिणवारा, पहिला मुद्दा लाखमोलाचा आहे. त्यापासून सुरू करतो, कारण हे खरंच सगळ्यांना माहीत हवं.

२००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ने बाईला सामायिक घरात, म्हणजे नवऱ्याबरोबर ती राहत होती त्या घरात, राहायचा हक्क दिला, घर तिच्या नावावर असो वा नसो. कलम १९खाली न्यायालय तिला घराबाहेर काढायला मनाई करू शकतं, इतकंच नव्हे तर नवऱ्यालाच घराबाहेर व्हायला सांगू शकतं. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे आणि ती वकीलसुद्धा मागायला विसरतात: तिला त्याच दर्जाचं दुसरं घर बघून द्यावं नाहीतर त्याचं भाडं भरावं, असा आदेश नवऱ्याला देता येतो. ओसरीताई, त्या मुलीच्या अर्जात ही मागणी आहे का ते आजच विचारा.

घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं की सुनेचा हक्क नाही, असं २००६च्या बत्रा निकालानंतर धरलं जायचं. त्या एका निकालाने किती बायका रस्त्यावर आल्या असतील! २०२०मध्ये सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो चुकीचा ठरवला. सासऱ्यांच्या मालकीचं घरही सामायिक घर असू शकतं.

आता, हे असूनही ती का निघते? कायदा म्हणतो पहिली तारीख तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत. कोर्टात येऊन बघा. अंतरिम आदेश मिळायलाच महिने जातात. तोवर रात्री ती कुठे झोपणार? कागदावरचा हक्क हातात येईपर्यंत जिवंत राहायला जागा लागते, त्यासाठी आधारगृह. आदेश मिळाला तरी त्याच घरात, त्याच दिराच्या आणि सासूच्या डोळ्यांसमोर राहायचं. काही जणी राहतात आणि खंबीरपणे राहतात. सगळ्यांना जमत नाही, आणि ते त्यांच्यावर लादूही नये.

खोट्या केसेसबद्दल. तुम्ही म्हणताय ते सासरच्या छळाच्या फौजदारी गुन्ह्याबद्दल, पूर्वीचं ४९८अ, जुलै २०२४पासून भारतीय न्यायसंहितेचं कलम ८५. त्यावर वेगळा धागा काढा, मी तिथे येईन. इथे प्रश्न छपराचा आहे. वीस अनोळखी बायकांबरोबर एका हॉलमध्ये, ट्रंकेवर डोकं ठेवून, पोरांना कुशीत घेऊन कुणी खोटं खोटं राहायला जात नाही.

भाडेकरूचं म्हणाल तर लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या, ११ महिन्यांचा. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यात नोंदणी सक्तीची आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची. मुदत संपल्यावर ताबा मिळवायला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. बाकी भाडेकरूंना लावता तोच नियम. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची, तीही सगळ्यांसारखीच.

दक्षिणवारा
भाड्याच्या आदेशाचं मला माहीत नव्हतं. आमच्या नात्यात एका मुलीची केस चालू आहे, तिच्या वकिलाला विचारायला सांगतो.

खडीसाखर
इतकी वर्षं इथे फक्त पाककृती लिहिल्या. आज हे लिहिते.

बारा वर्षांपूर्वी मी पुण्यातल्या माझ्या घरातून निघाले. तयारीला चार महिने लागले. गुणपत्रिका, लेकीचा जन्मदाखला, लग्नाचं प्रमाणपत्र, पासबुक, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तांदळाच्या डब्यात तळाशी ठेवलं होतं. त्या डब्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नसे. दुपारी भाजीची पिशवी घेऊन निघाले, वर मेथीची जुडी, खाली ती पिशवी. लेकीला शाळेतूनच घेतलं.

एका मैत्रिणीकडे पंधरा दिवस काढले आणि घर शोधायला लागले. नोकरी होती, पगार बरा होता, तरी अकरा ठिकाणी नकार आला. एका एजंटने तर सल्ला दिला, "मॅडम, नवरा दुबईला आहे असं सांगा." शेवटी एक निवृत्त शिक्षक आजी-आजोबा भेटले. मी रडत रडत सगळं सांगितलं. आजींनी एकच विचारलं, "मुलीची शाळा सकाळची की दुपारची?" सकाळची म्हटल्यावर म्हणाल्या, "मग पाणी साडेपाचला येतं, तुला सोयीचं."

पहिल्या रात्री लेकीच्या हातून स्टीलचा पेला पडला. ती भिंतीला चिकटून उभी राहिली, डोळे दाराकडे. मग हळूच म्हणाली, "आई, इथे भांडं पडलं तर चालतं?" मी मुद्दाम अजून एक पेला पाडला. मग तिनं एक वाटी पाडली. आम्ही दोघी हसत सुटलो. खालून आजोबांनी हाक मारली, "काय गं, बारशाची तयारी चाललीय का?"

ओसरी, तुझ्या आईचं घर म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे.

आणि माझी चूक सांगते, दुसरीची होऊ नये म्हणून. माझ्या खात्याला मोबाईल नंबर नवऱ्याचा जोडलेला होता. नव्या घराजवळच्या एटीएममधून पैसे काढले, मेसेज त्याच्याकडे गेला. तिसऱ्या दिवशी तो कोपऱ्यावर उभा होता. बँक, आधार, गॅस, शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळीकडचे नंबर आधी बदला. फोनमधलं लोकेशन शेअरिंग बंद करा.

रानजाई
खडीसाखर, तुला घट्ट मिठी. एवढंच जोडते की हल्ली लाडक्या बहिणीचे १५०० रुपयेही कित्येकींच्या बाबतीत ज्या खात्यात येतात त्याचा फोन नवऱ्याच्या खिशात असतो. आमच्याकडे बाई आली की चहा झाल्यावर पहिलं काम हेच, नवं सिम आणि नवं खातं.

चिंचगूळ
खडीसाखर, तुझ्या मेथीच्या पराठ्यांची पाककृती मी दर हिवाळ्यात करते. या वर्षी करताना त्या जुडीची आठवण येईल.

पाटी_पेन्सिल
प्राथमिक शिक्षिका आहे. शाळेचं सांगते, कारण 'शाळा सोडल्याचा दाखला आणा' म्हणून बायकांना त्याच गावात, त्याच शाळेत परत जायला लावतात आणि तिथून पत्ता फुटतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५नुसार दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मुलाला आधी वर्गात बसवायचं, दाखल्याचं शाळा-शाळा बघून घेतील. आणि मुख्याध्यापकांना विश्वासात घेऊन सांगावं, की आईशिवाय कुणाच्याही हाती मूल द्यायचं नाही.

माझ्या वर्गात असा एक मुलगा आला होता. दोन महिने तो बुटांच्या नाड्या सोडायचाच नाही. वर्गाबाहेर बूट काढायचा नियम आहे, मी त्याला सूट दिली. एक दिवस आपणहून बूट काढून ओळीत लावले. त्या दिवशी मी घरी जाताना पेढे नेले.

सातबारा
निवृत्त तलाठी. गावाकडचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. शहरात निदान भाड्याची खोली मिळते. खेड्यात भाड्याचं घर हा प्रकारच नसतो. बाई निघाली की थेट गाव सुटतं, सोबत मजुरी, बचत गट, रेशन, सगळं सुटतं. तालुक्याला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली बायकांना मदत करणारा संरक्षण अधिकारी असतो हे अर्ध्या गावाला माहीत नाही. मिटवायला बैठक बसते, त्यात पाच बाप्ये आणि ती एकटी खाली मान घालून.

त्यावर माझ्या मते मूळ औषध एकच, घरावर तिचं नाव. २००३ साली ग्रामविकास विभागाने 'घर दोघांचे' म्हणून निर्णय काढला, ग्रामपंचायतीच्या नमुना ८वर नवरा-बायको दोघांची नावं लावायची. त्याआधी शेतकरी संघटनेची 'लक्ष्मीमुक्ती' झाली, हजारो शेतकऱ्यांनी स्वखुशीने बायकोच्या नावे जमीन केली. मी स्वतः अशा फेरफारांवर सह्या केल्यात. आठ-अ म्हणजे जमिनीचं खातं आणि नमुना आठ म्हणजे घराचा उतारा, यात लोक घोळ करतात. ग्रामसेवकाकडे जाऊन उतारा काढा आणि आईचं, बहिणीचं, बायकोचं नाव आहे का बघा. प्रधानमंत्री आवासमध्येही घर बाईच्या नावे किंवा दोघांच्या नावे असावं लागतं. जिथे नाव आहे तिथे तिला 'चालती हो' म्हणताना माणूस दोनदा विचार करतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

निळी_शाई
काका, शहरातही २०२१पासून घर बाईच्या नावे घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. आम्ही घेतलं तेव्हा बँकेच्या माणसाने फक्त सवलत सांगितली, पण सासऱ्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "नाव लागलंय, आता घर तुझं आहे हे लक्षात ठेव." असेही सासरे असतात.

मांडवीकाठ
गोंयकार आहे, मराठी थोडी चुकेल. आमच्याकडे पोर्तुगीज काळापासूनची नागरी संहिता आहे, लग्नानंतर बहुतेकांची मालमत्ता दोघांची निम्मी-निम्मी असते. बाहेरचे म्हणतात, मग तुमच्या बायकांना काय चिंता! माझ्या मावशीचा वाटा निम्मा होता. पण घर सासऱ्याच्या नावावर, वाटणी झालेली नाही, आणि रात्री साडेअकराला दाराला आतून कडी. निम्मा वाटा कोर्टातून मिळायला वर्षं गेली. त्या रात्री ती शेजारच्या बाईकडे झोपली, स्वयंपाकघरात, माशांच्या टोपलीजवळ. सातबारा काका, नाव हवंच. पण नावाबरोबर रात्रीची जागाही हवी.

हडसनपार
न्यूजर्सीहून. इथे १९८५मध्ये 'मानवी' ही संस्था सुरू झाली, दक्षिण आशियाई बायकांसाठीची अमेरिकेतली पहिली. त्यांच्या लक्षात आलं की सर्वसाधारण निवाऱ्यात आपल्या बायका टिकत नाहीत. भाषा नाही, जेवण नाही, आणि काही आठवड्यांत पुढे काय हा प्रश्न. म्हणून १९९७मध्ये त्यांनी 'आशियाना' काढलं, ते मधलं घर. निवारा आणि स्वतःचं घर यांच्यामधलं. इथे बाई बऱ्याच महिन्यांसाठी राहते, नोकरी शोधते, गाडी शिकते.

इथली अडचण तुमच्यासारखीच आहे, फक्त कपडे वेगळे. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या मुलीचं नाव कशावरच नसतं, क्रेडिट हिस्टरी नसते, त्यामुळे कुणी घर देत नाही. मी एका मराठी मुलीसाठी जामीन राहिले होते. माझ्या नवऱ्याने विचारलं, "ओळख किती दिवसांची?" म्हटलं, बारा दिवसांची. तिने एकदाही भाडं थकवलं नाही.

ओसरी, तुझी खोली हे ते मधलं घरच आहे.

जुनी_पेठ
थोडं विषयांतर. 'मधलं घर' वाचून आठवलं. १८६३मध्ये जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावं, गुपचूप बाळंत व्हावं, नाव सांगितलं नाही तरी चालेल. पुढे १८८९मध्ये पंडिता रमाबाईंचं शारदा सदन, १८९६मध्ये कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम. कर्व्यांना तर पुढे गावाबाहेर हिंगण्याला झोपडी बांधावी लागली. १९८२मध्ये पुण्यात मंजुश्री सारडा या नवविवाहितेच्या संशयास्पद मृत्यूनंतर विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच उभा केला, तेव्हा 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन मी पाहिलं आहे. त्या फलकांसमोर बायका रांगेत उभ्या राहून आपापल्या घरातलं सांगत होत्या. मी तेव्हा कॉलेजात होते, घरी आले आणि आईजवळ बसले, पण विचारायचं ते विचारलं नाही. आजही रुखरुख आहे.

गोदाकाठ
जुनी_पेठ, विषयांतर नाहीच हे.

मूळ प्रश्नावर येऊ का? थेट द्यावं की संस्थेमार्फत?

काळा_कोट
माझं मत संस्थेमार्फत. करार ओसरीताई आणि संस्था यांच्यात. त्या मुलीचं नाव कुठेच येणार नाही, नवऱ्याला पत्ता मिळणार नाही. भाडं थकलं तर संस्थेशी बोलता येईल. काही झालं तर रात्री फोन उचलायला कुणीतरी असेल.

खडीसाखर
मला पटत नाही. करार तिच्या नावाने व्हावा. मला आजी-आजोबांनी करार दिला, त्या कागदावर माझं नाव होतं, बापाचं नाही, नवऱ्याचं नाही. त्या कागदावर रेशनकार्ड वेगळं झालं, आधारचा पत्ता बदलला, लेकीचा प्रवेश झाला. संस्थेच्या नावावर राहिली तर ती अजून आधारगृहातच आहे असं तिला वाटेल. दारावर तिच्या नावाची पाटी नको का?

रानजाई
दोघांचंही खरं आहे आणि याच दोरीवर आम्ही रोज चालायचो. नाव लावलं की ती उभी राहते, आणि नाव लावलं की ती सापडते. कोणतं आधी करायचं हे तिचा नवरा कसा आहे यावर ठरतं. तो दारू पिऊन ओरडणारा आहे की थंड डोक्याने माग काढणारा? तो शोधतोय का, माहेरी चकरा मारतोय का? हे तिला नीट माहीत असतं. बाईइतकं त्या माणसाला कुणीच ओळखत नाही. म्हणून आपण न ठरवता तिलाच विचारायचं.

आणि काळा_कोट, एक राहिलं, संस्थासुद्धा नीट पारखून घ्या. काही ठिकाणी फोन काढून घेतात, सातनंतर गेट बंद, कामावर जायचं तर अर्ज. बाई एका कुलपातून दुसऱ्या कुलपात. आधारगृहाचा पत्ता गुप्त ठेवणं आणि बाईला कोंडून ठेवणं या वेगळ्या गोष्टी आहेत.

दक्षिणवारा
सोसायटीचं काय? आमच्याकडे सचिव एकट्या बाईला भाड्याने देऊच देत नाहीत.

काळा_कोट
आदर्श उपविधीप्रमाणे घर भाड्याने देताना सोसायटीला कळवावं लागतं, परवानगी मागावी लागत नाही. मालक स्वतः राहत नसेल तर लावतात ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. भाडेकरू विवाहित असावा असा कुठलाही नियम नाही. आणि सगळ्यांसाठी एक गोष्ट: विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १५१०० वर फोन करा.

ओसरी
मंडळी, धागा वर काढते आहे. सव्वा महिना झाला.

रानजाईताईंनी सांगितलं तसं मी तिलाच विचारलं. आधारगृहाच्या ऑफिसात भेटलो. एकोणतीस वर्षांची मुलगी. मी करार, डिपॉझिट वगैरे बोलत होते आणि ती ऐकत होती. शेवटी तिनं एकच विचारलं, "दाराला आतून कडी आहे ना?"

तो अजून शोधतोय, असं ती म्हणाली. माहेरी दोनदा येऊन गेला. म्हणून ठरलं ते असं: पहिले सहा महिने करार संस्थेशी, त्यानंतर तिला सुरक्षित वाटलं तर तिच्या नावाने. खडीसाखर, तुझा मुद्दा मी तिला सांगितला. ती म्हणाली, "सहा महिन्यांनी पाटी मीच रंगवते." भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट नाही. फुकट द्यायची माझी तयारी होती, तिनंच नको म्हटलं. काळा_कोट, तुम्ही सांगितलेली भाड्याची मागणी अर्जात नव्हती, आता वकिलांनी घातली आहे, पुढच्या महिन्यात तारीख आहे. पाटी_पेन्सिल, कलम ५चं सांगितल्यावर थोरल्याचा प्रवेश दाखल्याशिवाय झाला. दहा वर्षांचा आहे, म्हणून निदान आधारगृहात तो आईपासून वेगळा झाला नव्हता.

सोसायटीला संस्थेचं पत्र दिलं. सचिवांनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तुमच्या आईनं आमच्या मंडळींना त्या काळात दोन रात्री घरात ठेवून घेतलं होतं. माहीत आहे का तुम्हाला?" मला माहीत नव्हतं. आई कधी बोललीच नाही. आत स्वयंपाकघरात त्यांच्या बायकोने कुकर बंद केला, पण बाहेर आल्या नाहीत.

आणि माझा भाऊ. बंगळूरहून आला, आल्या आल्या दाराला नवी कडी आणि साखळी लावली, दाराला भिंग बसवलं आणि पोरांच्या उंचीला दुसरं बसवलं. गोदाकाठ, तुमच्या माणसाने नळ चोख बसवला, पैसे घ्यायला तयार नव्हता.

काल ती आणि पोरं राहायला आली. धाकटी सारखी बाथरूमचा दिवा लावून विझवून बघत होती. अजून गादी एक कमी आहे, कुकर नाही, मिक्सर नाही.

खडीसाखर
कुकर माझा. तीन लिटरचा, नवा पाठवते. आणि दोन स्टीलचे पेले.

दक्षिणवारा
मिक्सर माझ्याकडे जादा आहे, चालू स्थितीतला. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, उद्याच कुरिअर करतो.

ओसरी
दादा, नाशिकचा पत्ता कुणालाच देत नाहीये, राग मानू नका. सगळं माझ्या ठाण्याच्या घरी पाठवा, तो पत्ता व्यनि करते. शनिवारी मी गाडीतून घेऊन जाईन.

दक्षिणवारा
राग कसला. बरोबर आहे तुमचं. ठाण्याला पाठवतो.